जेम्सटाउनचे ‘आळशी’

अमेरिकन साहित्याच्या अभ्यासाला आपल्याकडे पार्श्वभूमीच्या दोन-चार पानांनी सुरुवात होते. त्या पानांवर जेम्सटाउनच्या वाट्याला फार तर एक परिच्छेद येतो, आणि तो बहुतेकांना पाठ असतो. १६०७ साली व्हर्जिनियात इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत झाली. तिथे आलेले ‘जंटलमन’ ऐतखाऊ होते. शेती सोडून ते सोने धुंडाळत बसले आणि म्हणून उपाशी मेले. मग कॅप्टन जॉन स्मिथ या कर्तबगार माणसाने काम न करणाऱ्याचे अन्न तोडले आणि वसाहत तगली. यापुढे श्रमप्रतिष्ठा, स्वावलंबन, अमेरिकन स्वप्न वगैरे मजकूर ओघानेच येतो.

माझे म्हणणे असे की हा परिच्छेद मुळात एका पक्षकाराची कैफियत आहे आणि आपण ती निकालपत्र म्हणून शिकवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याकडून हे घडले तर एक वेळ समजून घेता येईल. परंतु निवेदक कोण, तो कोणाला उद्देशून बोलतो, त्यात त्याचा लाभ कोणता, हे प्रश्न विचारणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या साहित्याच्या अध्यापकांनी ही कैफियत चारशे वर्षांनंतरही जशीच्या तशी पुढे सरकवावी, हे अक्षम्य आहे.

आधी त्या जागेची गोष्ट. १६०६ च्या डिसेंबरात लंडनहून निघालेली तीन जहाजे १६०७ च्या मे महिन्यात जेम्स नदीतील एका सखल, दलदलीच्या द्वीपकल्पाला लागली. तिथे राहायला उतरलेले पुरुष व मुलगे मिळून १०४ जण होते. जागा सखल किंवा दमट नसावी, असे कंपनीच्या लेखी सूचनांत होते. पण स्पॅनिश आरमारापासून बचाव आणि जहाजे थेट काठाला लागतील एवढे खोल पाणी, या दोन गोष्टींपुढे ती सूचना मागे पडली. या जागेत पिण्याचे पाणी नदीचेच होते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की समुद्राची भरती आत घुसे आणि पाणी मचूळ होई. ओहोटीला त्यात गाळ आणि घाण उरे. माणसांनी टाकलेली घाण त्याच पाण्यात भरती-ओहोटीबरोबर मागे-पुढे होत राही. शिधा म्हणजे पाण्यात उकडलेले जव, तेही पाच माणसांत मिळून दिवसाला एक लहान भांडे. ऑगस्टात माणसे मरू लागली. १६०८ च्या जानेवारीत पहिली कुमक पोचली तेव्हा १०४ पैकी ३८ जण जिवंत होते.

हा उन्हाळा जॉर्ज पर्सीने लिहून ठेवला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो मजकूर एकदा तरी वाचावा. किनाऱ्याला लागल्यावर पर्सी आनंदाने लिहितो : फुलांनी भरलेली माळराने, इंग्लंडातल्यापेक्षा चौपट मोठ्या स्ट्रॉबेऱ्या, गोड्या पाण्याचे झरे. त्या काळच्या प्रवासवर्णनांचा हा ठरलेला सूर. मग ऑगस्ट येतो आणि वाक्ये आखडतात. तारीख, नाव, मरणाचे कारण. पुन्हा तारीख, नाव, कारण. कोणी रक्ती हगवणीने, कोणी सूज येऊन, कोणी तापाने, कोणी जखमेने. आणि बहुसंख्य निव्वळ उपासमारीने मेले, हे तो स्पष्ट सांगतो. वर्णनाची ऐट मोडून नुसती यादी उरणे, हा शैलीतला बदल म्हणजे त्या वसाहतीच्या दैनंदिन जीवनाचा पहिला प्रामाणिक दस्तऐवज आहे. त्यात आळस हा शब्द कारणांच्या रकान्यात येत नाही.

मग आळस आला कुठून? याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. १६०९-१० च्या हिवाळ्याला जेम्सटाउनच्या इतिहासात ‘उपासमारीचा काळ’ असे नाव आहे. पॉवहॅटनच्या लोकांनी किल्ल्याला वेढा घातलेला, बाहेर पडावे तर बाण, आत राहावे तर भूक. माणसांनी घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरे, मग उंदीर, मग जोड्यांचे कातडे, आणि शेवटी प्रेते. किल्ल्यात शिरलेल्या काहीशे माणसांपैकी वसंतात साठेकच उरली. लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीला त्याच वेळी भागधारक हवे होते, नवे वसाहतवाले हवे होते. अशा वेळी १६१० साली कंपनीने एक खुलासा छापला. एका माणसाने बायकोला मारून, खारवून खाल्ल्याची बातमी इंग्लंडात पसरली होती. खुलाशानुसार तो माणूस उपाशी नव्हताच. त्याचा बायकोवर दात होता आणि झडतीत त्याच्या घरी पीठ, वाटाणे, शेंगांचे दाणे सापडले. म्हणजे दुष्काळ नव्हता, दुष्ट माणूस होता. सर्वसाधारण उपासमारीचे खापर त्याच पत्रकात माणसांच्या आळसावर आणि बेशिस्तीवर फोडलेले आहे. भांडवल उभारणाऱ्या मंडळाने मेलेल्यांवर केलेला हा आरोप आहे. मेलेल्यांना उत्तर देता येत नाही, ही त्याची सोय.

स्मिथची साक्ष त्याहून नाजूक. १६०९ च्या ऑक्टोबरात, दारूच्या स्फोटात भाजलेला स्मिथ इंग्लंडला परतला. म्हणजे त्या हिवाळ्यात तो तिथे नव्हता. १६२४ साली त्याने व्हर्जिनियाचा जाडजूड इतिहास प्रसिद्ध केला तेव्हा तो पुन्हा मोहिमेवर पाठवले जाण्याच्या आशेवर असलेला, बाजूला पडलेला माणूस होता. आपण होतो तोवर सगळे ठीक चालले होते आणि आपण निघालो आणि सर्वनाश झाला, हा त्या ग्रंथाचा युक्तिवाद. त्या खारवलेल्या बाईची गोष्ट त्यातही आहे. तिला कोणत्या प्रकारे शिजवले तर ती अधिक रुचकर लागली असती, यावर तिथे विनोद केलेला आहे. हा विनोद मी मुद्दाम सांगतो आहे. जो निवेदक इतक्या भुकेवर असा विनोद छापतो, त्याने केलेले भुकेचे निदान आपण कोणत्या भरवशावर स्वीकारतो?

पर्सी त्या हिवाळ्यात किल्ल्याचा प्रमुख होता. स्मिथच्या ग्रंथाने संतापून त्याने आपली बाजू लिहिली. तीही स्वतःचा बचावच आहे, हे लपवायचे कारण नाही. फरक एवढाच की स्मिथचे पुस्तक तेव्हापासून छापील आहे आणि पर्सीचे हे निवेदन १९२२ पर्यंत हस्तलिखितातच राहिले. आणि २०१२ साली जमिनीने साक्ष दिली. किल्ल्यातल्या एका तळघरात, घोड्या-कुत्र्यांच्या हाडांच्या कचऱ्यात, सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी आणि पायाचे हाड सापडले. कवटीवर तोडल्याच्या, कापल्याच्या खुणा होत्या. मृत्यूनंतर तिचे मांस काढले गेले, असा निष्कर्ष स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि उत्खननकर्त्यांनी २०१३ च्या मे महिन्यात जाहीर केला. तिचे नाव ठाऊक नाही. संशोधकांनी तिला ‘जेन’ म्हटले. ही मुलगीही सोने शोधत बसल्यामुळे मेली, असे आता कोणी म्हणून दाखवावे.

आता प्रतिपक्षाच्या सर्वांत सबळ मुद्द्याकडे येतो. स्मिथ अध्यक्ष असताना, १६०८-०९ मध्ये, फार थोडी माणसे मेली हे खरे आहे. त्याच्या दंडकाचाच हा परिणाम नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर स्मिथच्या गोटातल्या वृत्तांतांतच आहे. १६०९ च्या वसंतात पिपांतला मका अर्धा कुजलेला आणि उरलेला उंदरांनी फस्त केलेला आढळला. तेव्हा स्मिथने माणसांची पांगापांग केली : काहींना नदीच्या खालच्या अंगाला कालवांवर जगायला पाठवले, काहींना मुखाशी मासेमारीला, काहींना वर धबधब्यांकडे. त्याआधी मूळ रहिवाशांकडून कधी मालाच्या बदल्यात, कधी बंदुकीच्या धाकाने मका आणलेला होताच. म्हणजे माणसे त्या विषारी पाण्यापासून दूर गेली आणि दुसऱ्यांनी पिकवलेले अन्न त्यांना मिळाले. कारव्हिल अर्ल या भूगोलतज्ज्ञाने १९७९ साली हेच मांडले : जेम्सटाउनचे मरण उन्हाळ्यातल्या त्या खाऱ्या, दूषित पाण्याच्या पट्ट्याशी, विषमज्वर आणि हगवणीशी बांधलेले होते, तिथून वस्ती हलली की मरण कमी होई, पुन्हा तिथे गर्दी झाली की वाढे. स्मिथला जे श्रेय द्यायचे ते माणसे पांगवल्याचे द्यावे. बायबलातून उचललेल्या त्याच्या दंडकाला ते देण्याचे कारण नाही.

आळसाचा पुरावा म्हणून आणखी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. १६११ च्या मे महिन्यात थॉमस डेल जेम्सटाउनला उतरला तेव्हा पेरणीच्या दिवसांत माणसे रस्त्यात चेंडू घरंगळवत खेळत होती. एडमंड मॉर्गन या थोर इतिहासकाराने १९७१ च्या आपल्या लेखात याच दृश्याला हात घातला आणि त्यामागची कारणे इंग्लंडातल्या श्रमाच्या सवयींत, लष्करी घडणीत, अर्धबेकारीच्या रिवाजात शोधली. मॉर्गन आळसावर थांबला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याच्या लेखाचे सार काढणाऱ्यांनी मात्र नेमके दृश्य तेवढे उचलले. कारेन कुपरमन यांनी १९७९ साली त्याच दृश्याकडे वैद्याच्या नजरेने पाहिले. कुपोषण, आजार आणि घरापासून तुटल्याची हताशा एकत्र आल्या की माणूस हालचाल सोडतो, आतून विझतो. बाहेरच्याला तो आळशी दिसतो. शिवाय १९९८ साली सायप्रसच्या जुन्या झाडांच्या वलयांवरून असे निष्पन्न झाले की १६०६ ते १६१२ ही सात वर्षे त्या प्रदेशातल्या ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षे होती. पॉवहॅटनच्या प्रजेलाच मका पुरत नव्हता, तर तो पाहुण्यांना कोठून पुरणार? आणि सोन्याचे म्हणाल, तर १६०८ साली कॅप्टन न्यूपोर्ट सोन्याचा खडा आणण्याची आज्ञा घेऊन आला होता, हे खुद्द स्मिथच सांगतो. सोन्याचा शोध ही रिकामटेकड्यांची लहर नव्हती. ती मालकाची मागणी होती.

बरे, पुढे माणसांना कामाला जुंपले तेव्हा काय झाले? डेलच्या काळात लष्करी कायदा आला. नगाऱ्यावर कामाला जायचे, नगाऱ्यावर परतायचे. या राजवटीबद्दल जुन्या वसाहतवाल्यांनी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६२४ साली लेखी निवेदन दिले. माणशी दिवसाला आठ औंस पीठ आणि थोडे वाटाणे, दोन्हींना बुरशी, जाळी आणि अळ्या. दोन-तीन मापे ओटचे पीठ चोरणाऱ्या एकाच्या जिभेतून दाभण आरपार घालून त्याला मरेपर्यंत झाडाला साखळीने बांधून ठेवले. हे निवेदनही कंपनीतल्या एका गटाविरुद्धचे आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावे. पण कामही होते आणि उपासही होता, एवढे त्यातून निर्विवाद दिसते. श्रम केले की अन्न मिळते, हे समीकरण त्या भूमीवर कधीच सिद्ध झाले नाही. १६१४ नंतर जॉन रॉल्फच्या तंबाखूने नफा सुरू झाला, तेव्हा तर उलटेच घडले. मका लावायला सक्ती करावी लागली आणि तंबाखू रस्त्यांच्या कडेलाही उगवू लागला. कष्टाची जागा भरपूर होती. कष्टाच्या ताटात काय पडेल हे लंडनचा बाजार ठरवत होता. १६२१ साली लग्नासाठी धाडलेल्या स्त्रियांचा खर्चही तंबाखूच्याच वजनात, माणशी दीडशे पौंड, नवऱ्यांकडून वसूल होई.

या सगळ्याच्या तळाशी जो माणूस होता, त्याचे एक पत्र उरले आहे. रिचर्ड फ्रेथॉर्न हा करारबद्ध नोकर जेम्सटाउनपासून काही मैलांवरच्या मार्टिन्स हंड्रेड येथून १६२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये आईवडिलांना लिहितो. आदल्याच वर्षी २२ मार्चला झालेल्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले होते. शेते ओस, कोठारे रिकामी, भीती ताजी. वाटाणे आणि पाणचट पेज, घासभर पाव, घासभर मांस, यांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबावे लागते, असे तो सांगतो. घरी एका दिवसात खायचो त्याहून इथे आठवड्याला कमी मिळते. अंगावरच्या कपड्यांची मोजदाद करतो. झगा सोबत्यानेच चोरला. जेम्सटाउनला माल उतरवायला गेला की उघड्या होडीत झोपावे लागे. तिथल्या जॅक्सन नावाच्या भल्या माणसाने त्याच्यासाठी झोपडी उभारून दिली. माझा करार सोडवून घ्या, ते जमत नसेल तर चीज, लोणी, गोमांस धाडा, ते विकून आलेला नफा परत करीन, अशी तो गयावया करतो. हे पत्र कंपनीच्या कारभाराशी संबंधित कागदपत्रांत राहून गेले आणि विसाव्या शतकात कंपनीच्या दप्तराच्या खंडांत छापले गेले.

हे साहित्य आहे काय, असा प्रश्न येईल. तो ज्यांना पडतो त्यांनी स्मिथच्या ग्रंथाला साहित्य का म्हणायचे हे आधी सांगावे. पोकाहोंटासने आपले डोके मध्ये घालून प्राण वाचवल्याचा प्रसंग स्मिथच्या १६०८ च्या वृत्तांतात नाही. तो १६२४ च्या ग्रंथात सविस्तर अवतरतो, तेव्हा पोकाहोंटास आणि पॉवहॅटन दोघेही मरण पावले होते. ज्याला नाट्य रचता येते त्याला साहित्यिक म्हणायचे आणि ज्याला कपड्यांची यादी करता येते त्याला कागदपत्र म्हणायचे, ही विभागणी वर्गाची आहे; वाङ्मयीन मूल्याशी तिचा संबंध नाही. आई-बापाला दया यावी म्हणून फ्रेथॉर्नने तपशिलांची जी रचना केली आहे, करुणा आणि हिशेब यांची जी सरमिसळ केली आहे, ती कोणत्याही चांगल्या अध्यापकाला दोन तासिका पुरेल.

एक सावधगिरी इथे हवी. उपाशी वसाहतवाल्यांची बाजू घेताना त्यांना निष्पाप ठरवण्याचा मोह होतो. पर्सीनेच १६१० च्या ऑगस्टात पास्पाहेग लोकांच्या गावावर चाल केली. गाव जाळले, मका कापला, राणीची मुले नदीत फेकून त्यांना गोळ्या घातल्या, आणि नंतर राणीलाही मारले. हे त्याने स्वतःच लिहिले आहे. ज्या भूमीला तिथले लोक त्सेनाकोमाका म्हणत, तिच्यावरची ही घुसखोरी होती. ती भुकेने सौम्य झाली नाही, उलट अधिक क्रूर झाली. ‘आळशी’ हा शब्द या दोन्ही गोष्टी एकदम झाकतो : मालकाने नोकराची केलेली उपासमार, आणि त्या उपासमारीतून दुसऱ्यांच्या कोठारावर पडलेला दरोडा. तो शब्द वापरला की उरते ती एका शूर कॅप्टनची आणि एका सुशील राजकन्येची गोष्ट.

मराठी वाचकाने याविषयी विशेष सावध असायला हवे, कारण हे हिशेबाचे तर्कट आपल्या परिचयाचे आहे. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता. आणि १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल याने खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असे ठरवले. त्यामागची शंका हीच होती की जास्त दिले तर लोक सोकावतील. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी कामे सोडून त्याला उत्तर दिले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या मजुरांना आळशी म्हणणाऱ्या सरकारी टिपणावर आपण आज विश्वास ठेवत नाही. मग तसलेच टिपण अटलांटिकच्या पलीकडचे असले की ते आपल्याला प्रमाण का वाटते?

‘द टेम्पेस्ट’ शिकवताना बर्म्युडाजवळ १६०९ साली फुटलेल्या ‘सी व्हेंचर’ जहाजाचा उल्लेख आपण आवर्जून करतो. ते जहाज कुठे निघाले होते हे मात्र सांगत नाही. ते जेम्सटाउनलाच निघाले होते. त्यातून वाचलेली माणसे १६१० च्या मे महिन्यात तिथे पोचली तेव्हा त्यांना त्या साठेक जिवंत सांगाड्यांचे दर्शन झाले. जूनमध्ये तर सर्वांनी मिळून वसाहत सोडलीही होती, आणि नदीच्या वाटेवर नवा गव्हर्नर डे ला वार येत असल्याचे कळल्यामुळे ती मागे वळली. वादळ अभ्यासक्रमात आहे, वादळातून वाचलेल्यांनी काय पाहिले ते नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. पार्श्वभूमीचा तो परिच्छेद काढून टाकावा. त्याच्या जागी पर्सीची ऑगस्टातली यादी, कंपनीचा १६१० चा खुलासा, स्मिथच्या ग्रंथातला उपासमारीचा भाग आणि फ्रेथॉर्नचे पत्र, अशी चार छोटी पाने विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत आणि एकच प्रश्न विचारावा : यांपैकी कोण कोणाकडून काय मागतो आहे? कंपनी भांडवल मागते, स्मिथ कीर्ती मागतो, पर्सी निर्दोषत्व मागतो. फ्रेथॉर्न चीज मागतो. आळसाचा शब्द पहिल्या दोघांच्या तोंडी आहे, एवढे विद्यार्थ्याला दिसले तरी वाचन शिकवल्याचे समाधान आपल्याला घेता येईल.